पोरगा शिपवर, घर खानापुरात: जहाजावरच्या अपघातानंतर घरच्यांनी काय करायचं

बेळगावला समुद्र नाही. चोर्ला घाट उतरलं की तो गोव्यात भेटतो, तोही सुट्टीच्या दिवशी, पोरांना पाण्यात खेळवायला. तरीही उद्यमबागेतल्या आणि मच्छेतल्या कारखान्यांत लेथवर हात बसलेले आयटीआयवाले फिटर, टर्नर, वेल्डर इथून थेट जहाजावर जातात. मीही तसाच गेलो. इंजिनरूममध्ये सतरा वर्षं काढली आणि आता टिळकवाडीत बसून इतरांचे फोन घेतो.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका मावशींनी चालू फोनच माझ्या हातात दिला. "मुंबईचा साहेब बोलायलाय, बघ की बाबा काय म्हणतोय." साहेब म्हणत होता, मुलगा शिडीवरून पडलाय, मांडीचं हाड मोडलंय, घाबरू नका, ईमेलवर एक कागद पाठवलाय, तेवढी आईची सही घेऊन परत पाठवा. कागद उघडला तर तो 'फुल अँड फायनल सेटलमेंट'चा. मुलगा तेव्हा परक्या देशातल्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर होता.

मी वकील नाही आणि हा लेख वकिलाची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे पोचेपर्यंतच्या दिवसांत घरचे लोक जे करतात किंवा करायचं विसरतात, त्यावरच पुढचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. म्हणून ते दिवस इथे सविस्तर, आणि कोर्टाचा भाग त्यामानाने थोडक्यात.

जहाज धरण्याआधी: घरातली फाईल

पोरगा बॅग भरतो तेव्हा आई चकल्या आणि लोणचं भरते. त्याच दिवशी एक फाईल भरायची. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदवही-पुस्तक), इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक) आणि मेडिकल सर्टिफिकेट यांच्या प्रती. नोकरीच्या कराराची दोन्ही बाजूंनी सही झालेली प्रत. करार युनियनच्या सामूहिक करारावर, म्हणजे सीबीएवर, आधारलेला असेल तर त्या सीबीएचीही प्रत. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास किती डॉलर मिळणार, आजारपणाचा पगार किती दिवस मिळणार, हे आकडे त्यातच असतात. एजंट म्हणेल, ती जहाजावर मिळेल. जहाज बुडालं तर ती कुठून मिळणार?

मॅनिंग कंपनीकडे, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीकडे, आरपीएसएल परवाना आहे का, ते आधी बघा. खलाशी भरती करण्याचा हा परवाना मुंबईची डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंग देते. लोक तिला नुसतं 'डीजी शिपिंग' म्हणतात. परवानाधारक कंपन्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे "जॉइनिंगसाठी तीन लाख" असं कुणी म्हटलं की तो माणूस परवान्याचा नाही हे ओळखावं. तरीही जे बिनपरवाना एजंटांमार्फत आखातातल्या छोट्या जहाजांवर जातात, त्यांनी निदान पुढच्या दोन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट जहाजाचा आयएमओ नंबर. तो सात आकडी असतो. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा पनामाचा असतो तो लायबेरियाचा होतो, पण हा नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आपल्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यासारखा.

दुसरी गोष्ट एक फोटो. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यातली एक दुरुस्ती जानेवारी २०१७ पासून लागू आहे. तिच्यामुळे मालकाला मृत्यू, अपंगत्व आणि खलाशाला वाऱ्यावर सोडण्याच्या प्रसंगासाठी विमा किंवा तशी हमी घ्यावी लागते. तिचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावं लागतं. त्यावर विमा देणाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो. बहुतेक वेळा तो एखादा पी अँड आय क्लब असतो, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेली विमा संस्था. पोरानं जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या सर्टिफिकेटचा फोटो घरच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. सूर्यास्ताचे फोटो नंतर.

नावांचा घोळ आताच सोडवा

हा आपल्या सीमाभागाचा खास त्रास आहे, म्हणून वेगळा सांगतो. शाळेचा दाखला मराठीत, त्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. रेशनकार्ड कन्नडमध्ये, त्यावर नावाआधी इनिशियल. आधारवर तिसरंच स्पेलिंग. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', नव्यावर 'बेळगावी', कारण शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे कळतं. लंडनमधल्या विमा क्लबाच्या बाईला कळत नाही, आणि तिची चूकही नाही.

म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून फाईलमध्ये ठेवा. आई, वडील आणि बायको यांचंही. नॉमिनी म्हणून जे नाव कंपनीत लिहिलंय ते पासपोर्टवरच्या किंवा आधारवरच्या स्पेलिंगशी अक्षराला अक्षर जुळतंय का, ते बघा. लग्न झाल्यावर नॉमिनी बदलायचा राहून गेलेली पोरं मला भरपूर भेटलीत.

फोन आला: पहिले दोन दिवस

फोन करणाऱ्याचं नाव, कंपनी, नंबर आणि वेळ वहीत लिहा. मग विचारा: अपघात कधी झाला, जहाज तेव्हा कुठे होतं, तो आता कुठल्या दवाखान्यात आहे, जहाजावर कुणाशी बोलता येईल. उत्तरं मिळाली नाहीत तरी प्रश्न विचारल्याची नोंद राहते. फोन झाल्यावर तेच प्रश्न कंपनीला ईमेलनं पाठवा. पोरगा तिकडे शुद्धीवर असेल तर त्याला व्हॉइस मेसेज करायला सांगा: कसा पडला, कोण बरोबर होतं, कुणी काम करायला सांगितलं. बरोबरच्या दोघांचे नंबर घ्या. खलाशी साइन ऑफ होऊन फिलिपिन्सला किंवा युक्रेनला गेले की साक्षीदार शोधणं कठीण जातं.

त्याच ईमेलमध्ये एक वाक्य घाला, आणि हे वाक्य खरंच महत्त्वाचं आहे: जहाजाच्या व्हीडीआरमधली आणि सीसीटीव्हीतली नोंद जपून ठेवावी. व्हीडीआर म्हणजे विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखं यंत्र. ब्रिजवरचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथलं, बोलणं, रडार, वेग, दिशा सगळं त्यात उतरतं. पण जुन्या यंत्रात जेमतेम १२ तास, तर २०१४ नंतरच्या यंत्रांच्या मुख्य पेटीत ४८ तास नोंद राहते आणि मग तिच्यावर नवी चढत जाते. कॅप्टननं ती वेळेत 'सेव्ह' केली नाही तर टक्कर कशी झाली याचा आवाजच पुसला जातो. इंजिनरूममध्ये पडलेल्या माणसासाठी व्हीडीआर फारसा कामाचा नाही. त्याच्यासाठी लॉगबुक, 'परमिट टू वर्क' (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) आणि कामाच्या-विश्रांतीच्या तासांचा तक्ता लागतो. ते मागा. विश्रांतीचे तास कागदावर नेहमी पुरे भरलेले असतात, हे मला स्वानुभवानं ठाऊक आहे. मी स्वतः तसे भरलेत.

त्यानंतर कुणाकुणाला कळवायचं? डीजी शिपिंगला ईमेल करा, त्यात इंडॉस नंबर आणि आयएमओ नंबर हवाच. ज्या देशात घटना घडली तिथल्या भारतीय दूतावासाला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. युनियनला कळवा, नुसी असो की मेरीटाइम युनियन ऑफ इंडिया. सभासद नसाल तरी आयटीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निरीक्षकांना कळवता येतं. भारताजवळच्या समुद्रात कुणी बेपत्ता असेल तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४. आणि विमा क्लबाला थेट कळवा, त्या सर्टिफिकेटवरच्या पत्त्यावर. एजंटाला हे आवडत नाही. त्यानं नाक मुरडलं तर मुरडू द्या.

सही

मावशींच्या त्या कागदावर परत येतो. कन्व्हेन्शनमध्ये स्पष्ट लिहिलंय की करारातली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, आणि करारापेक्षा कमी रक्कम घेण्यासाठी दबाव आणायचा नाही. अपंगत्व किती टक्के हे ठरायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात अंतरिम रक्कम द्यायची. पैसे घेताना सही करायच्या पावतीचा नमुनाही कन्व्हेन्शनला जोडलेला आहे. त्या नमुन्यात असं वाक्य आहे की ही रक्कम घेतल्यानं निष्काळजीपणा वगैरे कारणांसाठी कायदेशीर दावा करण्याचा हक्क जात नाही.

तेव्हा कागद आला की ते वाक्य शोधायचं. नसेल तर वकिलानं वाचल्याशिवाय सही नाही. घरी आलेला माणूस कितीही गोड बोलला, चहा प्यायला, "तुमच्या मुलासारखाच मी" म्हणाला तरी नाही. दवाखान्याचा खर्च आणि पगार हे तुमच्या सहीवर अवलंबून नसतात. जहाजावर असताना दुखापत झाली की उपचाराचा खर्च आणि किमान १६ आठवडे पगार मालकाच्या गळ्यात असतो. बऱ्याच सीबीएंमध्ये त्याहून जास्त काळ धरलेला असतो. मावशींनी सही केली नाही. पगार त्याच महिन्यात बँकेत आला.

दुखापत असेल तर

पोरगा घरी आल्यावर कंपनीचा डॉक्टर 'फिट' किंवा अमुक टक्के अपंगत्व असं लिहितो. तेच अखेरचं नसतं. सीबीएमध्ये बहुधा अशी सोय असते की तुमचा डॉक्टर वेगळं म्हणाला तर दोघांना मान्य असलेला तिसरा डॉक्टर निवाडा करतो. म्हणून बेळगावात आल्यावर आठवड्याभरात स्वतः हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि त्याला लेखी विचारा: हा माणूस पुन्हा इंजिनरूमच्या शिड्या चढू शकेल का? नुसतं 'चालू शकतो' हे उत्तर पुरेसं नाही. गावात चालणं वेगळं आणि हलत्या जहाजात पन्नास किलोचा व्हॉल्व्ह उचलणं वेगळं. खलाशाची नोकरी मेडिकल सर्टिफिकेटवर चालते. ते कायमचं नाकारलं गेलं तर अपंगत्वाचा टक्का कमी असला तरी नोकरी गेलेली असते, आणि अनेक करारांत याची वेगळी भरपाई असते.

परदेशातल्या दवाखान्याची डिस्चार्ज समरी, एक्स-रेची सीडी आणि ऑपरेशनची नोंद विमानात बसण्याआधी हातात घ्यायला सांगा. नंतर मागवायला महिने जातात.

मृत्यू झाला असेल तर

हे लिहिताना हात जड होतो, पण घरच्यांना सगळ्यांत कमी माहिती इथेच असते.

पार्थिव आणण्याचा खर्च मालकाचा. परदेशातून शव आणायला तिथलं मृत्यू प्रमाणपत्र, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. ही धावपळ कंपनीचा तिथला एजंट करतो. तुम्ही एकच गोष्ट धरून ठेवा: शवविच्छेदन झालंय का, आणि अहवाल कुठाय? मृत्यूचं कारण 'हृदयविकार' लिहिलं की करारातली भरपाई अडवायला निमित्त मिळतं. बंद टाकीतला विषारी वायू, विजेचा धक्का, उष्माघात या सगळ्यांचा शेवट हृदय थांबण्यातच होतो. तिकडे शवविच्छेदन झालं नसेल आणि मनात शंका असेल तर इथे पोचल्यावर पोलिसांत अर्ज देऊन ते करून घेता येतं. अंत्यसंस्कारानंतर मात्र तो दरवाजा बंद. मोपा विमानतळावरून गाडी आंबोलीमार्गे गावात येते तेव्हा अख्खं गाव थांबलेलं असतं आणि अशा वेळी कुणी हा विषय काढत नाही. म्हणून भावकीतल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसानं आदल्या रात्रीच घरच्यांशी बोलून घ्यावं.

मग वारसाचे कागद. कर्नाटकात वंशवृक्षासाठी नाडकचेरीत अर्ज करायचा. तो कन्नडमध्ये मिळतो, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडून प्रमाणित करून घ्या. कागद परदेशात वापरायचे असतील तर ॲपोस्टिलही, म्हणजे ते तिथे चालावेत म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागू शकतं. हिंदू वारसा कायद्यानुसार बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वडील त्या वर्गात नाहीत, हे ऐकून बऱ्याच घरांत गडबड उडते. नॉमिनीनं पैसे हातात घेतले तरी इतर वारसांचा हक्क बहुतेक बाबतींत संपत नाही. सासू-सुनेत या पैशावरून वाद पेटला की विमा क्लब पैसे रोखून धरतो आणि सरळ कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागतो. त्यात वर्ष जातं. घरातल्या घरात लेखी समजूत झाली तर दोघींचं भलं.

सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडात खातं असेल तर ते पैसे आणि सीफेअरर्स वेल्फेअर फंड सोसायटीची मदत वेगळी मागावी लागते. कंपनी तिची आठवण करून देईलच असं नाही.

शव सापडलंच नाही तर? जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा शेवाकडे निघालेल्या वान हाई ५०३ या कंटेनर जहाजाला केरळपासून दूर समुद्रात आग लागली. २२ जणांपैकी १८ जणांना वाचवलं, चौघे बेपत्ता झाले. अशा वेळी सात वर्षं बातमी नसेल तर मृत्यू झाला असं कायदा धरून चालतो. पण आगीचा किंवा बुडण्याचा ठोस पुरावा असेल तर त्याआधीही दिवाणी कोर्टाकडून मृत्यूची घोषणा मागता येते. त्यासाठी झेंड्याच्या देशाचा, म्हणजे जहाज जिथे नोंदलंय त्या देशाचा, चौकशी अहवाल आणि वाचलेल्यांचे जबाब लागतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला तेव्हा कित्येक मृतदेहांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली होती. म्हणून डीएनए नमुना मागितला तर आई-वडिलांनी तो लगेच द्यावा.

पगार थकला, जहाज सोडून दिलं

दोन महिने पगार नाही, किंवा घरी परतायचं तिकीट नाही, किंवा जहाजावर खायला-प्यायला आणि डिझेल नाही. यांतलं एक जरी घडलं तरी कन्व्हेन्शनच्या भाषेत खलाशाला वाऱ्यावर सोडलं असा अर्थ होतो. मग त्या हमीतून थकलेला पगार चार महिन्यांपर्यंत, जेवणखाण आणि घरी परतण्याचा खर्च मिळू शकतो. पोरं सहा-सहा महिने "पुढच्या बंदरात देतो" यावर विश्वास ठेवतात. दुसरा महिना संपला की पत्र जायला हवं, एवढंच.

जहाजालाच अटक

आता कोर्ट. सागरी कायद्यात एक विलक्षण गोष्ट आहे: दावा माणसावर न करता सरळ जहाजावर करता येतो. मालक सायप्रसमध्ये, कंपनी दुबईत, पण जहाज मुरगावात उभं आहे ना? मग त्या जहाजालाच प्रतिवादी करायचं. कोर्टाचा हुकूम निघाला की जहाज बंदरातून हलू शकत नाही. शब्दही अटक हाच आहे. जहाज एक दिवस थांबलं तरी मालकाचे लाखो रुपये जातात, त्यामुळे बहुधा काही दिवसांत बँक गॅरंटी किंवा क्लबाचं हमीपत्र येतं, जहाज सुटतं आणि भांडण त्या हमीवर चालू राहतं.

हा अधिकार भारतात किती दूरवर पोचतो याचा जुना दाखला आपल्या शेजारचाच आहे. १९८४ मध्ये एम. व्ही. एलिझाबेथ हे जहाज बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर घेतल्याचा कागद, न देताच मुरगावातून माल घेऊन निघालं आणि पाठवणाऱ्यानं नको म्हटलं असतानाही त्यानं तो रास अल खैमाला उतरवला. गोव्याच्या कंपनीनं त्याच जहाजाला पुढे विशाखापट्टणमला अडकवलं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा अधिकार मान्य केला. पुढे २०१७ चा ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांचा, कायदा आला आणि १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यात हा अधिकार मुंबई, कर्नाटक, केरळ, गुजरात, मद्रास, कलकत्ता, ओडिशा आणि हैदराबाद इथल्या उच्च न्यायालयांना दिला आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ असा. जहाज कारवार किंवा बेलेकेरीला आलं तर उत्तर कन्नड जिल्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाखाली येतो. धारवाड म्हणजे बेळगावहून दीड तास. मंगळूरला आलं तर बेंगळुरू. मुरगावला आलं तर मुंबई उच्च न्यायालयाचं गोव्यातलं पीठ, पर्वरीला. न्हावा शेव्याला आलं तर मुंबई. जहाज भारतात येतच नसेल तर त्याच मालकाचं दुसरं जहाज इथे आलंय का ते बघायचं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ कोचीजवळ बुडाल्यावर केरळ उच्च न्यायालयानं त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवलं होतं. कुठलं जहाज कुठे आहे हे आज कुणाही भाच्याला मोबाईलवर आयएमओ नंबर टाकून कळतं. घरातल्या एकाला तेच काम द्या.

प्राधान्याचा क्रमही कायद्यानं लावून दिलाय. जहाज विकलं गेलं तर खलाशांचा पगार सगळ्यांच्या आधी, त्यानंतर मृत्यू आणि दुखापतीचे दावे. जहाजाची मालकी किंवा झेंडा बदलला तरी हा बोजा जहाजाबरोबर जातो. पण त्याला मुदत आहे: पगारासाठी दोन वर्षं, बाकीच्यांसाठी एक वर्ष. आणि त्या मुदतीत नुसती नोटीस पाठवून भागत नाही, जहाज प्रत्यक्ष अडकवावं लागतं.

जहाज हाती लागणार नसेल तर कामगार भरपाईचा रस्ता आहे. १९२३ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय. जुन्या कायद्यात खलाशाच्या मृत्यूचा दावा बातमी कळल्यापासून एका वर्षात करायचा होता, आणि दावा अवलंबितांच्या राहत्या गावच्या अधिकाऱ्यापुढे करता येत होता. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: वर्षश्राद्धाच्या आत वकिलाकडे जा.

वकील

बेळगाव बारमध्ये चांगले वकील आहेत, पण ॲडमिरल्टीचं काम करणारे मुंबई, कोची, चेन्नईत जास्त. गावचा वकील नको असं नाही. कागद जमवणं, वारसाचं काम, भाषांतरं त्याच्याकडे द्यावीत आणि त्याच्यामार्फतच मुंबईचा वकील धरावा. "मिळालेल्या रकमेत तीस टक्के माझे" म्हणणाऱ्याकडून उठून यावं. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला निकालावर टक्का ठरवता येत नाही.

पैसे नसतील तर जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाचा दरवाजा आहे. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. धारवाड पीठातही अशी समिती आहे. खलाशाच्या विधवेला वकील फुकट मिळू शकतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

माल पाठवणाऱ्या कारखानदारांसाठी

उद्यमबागेतले मित्र विचारतात म्हणून थोडं. कास्टिंगचा कंटेनर गंजून पोचला तर वरून दिसणारं नुकसान माल घेतानाच लेखी कळवा, आतलं असेल तर तीन दिवसांत. कोर्टात जायची मुदत मालाच्या डिलिव्हरीपासून एक वर्ष. शिपिंग लाइन गोड बोलत अकरा महिने ईमेल फिरवत राहते, तेव्हा मुदतवाढ लेखी मागा. कारखान्यापासून परदेशी गोदामापर्यंत एकाच ऑपरेटरनं माल नेला असेल आणि बहुविध वाहतुकीचा १९९३ चा कायदा लागू होत असेल तर मुदत फक्त नऊ महिने. बिल ऑफ लेडिंगच्या मागची बारीक अक्षरंही वाचा. भांडण लंडनच्या कोर्टात, असं तिथे अनेकदा लिहिलेलं असतं.

आणि तुमच्या मालाला ओरखडाही नसताना पैसे भरावे लागू शकतात. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. जहाज वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा नुकसान जहाजमालकानं आणि सगळ्या मालधारकांनी जहाजाच्या आणि आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हननंतर आणि २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या पुलाला धडकलेल्या डालीनंतर मालकांनी तेच जाहीर केलं. बाँड आणि हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर कंपनी ती हमी देते, नसेल तर तुम्ही रोख भरा. एका मित्रानं प्रीमियम वाचवायला सगळ्यांत स्वस्त 'सी' कलमाचा विमा घेतला होता. समुद्राचं पाणी कंटेनरमध्ये शिरलं, आणि ते त्यात बसत नव्हतं. 'ए' कलमाचा, म्हणजे सगळ्यांत जास्त धोके धरणारा, घ्या. आणि गंज रोखणारं तेल, प्लॅस्टिक, सिलिका जेलच्या पुड्या यांचे भरतानाचे फोटो काढून ठेवा, कारण 'पॅकिंग नीट नव्हतं' हे विमा कंपनीचं पहिलं उत्तर असतं.

मावशींचा मुलगा आता काठी न घेता चालतो, शिडी मात्र चढत नाही. तिसऱ्या डॉक्टरची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा फाईल घेऊन आला होता. एक्स-रेची सीडी त्यात नव्हती, दवाखान्यातच राहिली म्हणाला. ती मागवायचा ईमेल आम्ही तिथेच बसून लिहिला.